नळीतून पेप्टाइडचं फीड: हवं कुणाला, किती आणि कधीपर्यंत?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

«माझे सासरे ६१ वर्षांचे आहेत. अडीच महिन्यांपूर्वी पित्ताशयातल्या खड्यामुळे त्यांच्या स्वादुपिंडाला सूज आली, काही भाग सडला असं डॉक्टर म्हणाले. पुण्यात महिनाभराहून जास्त ॲडमिट होते. आता आम्ही त्यांना कराडला घरी आणलंय. नाकातून लहान आतड्यापर्यंत नळी आहे. आधी साधं फीड चालू होतं, त्यावर दिवसाला सात-आठ पातळ जुलाब व्हायचे. तेव्हा अँटिबायोटिक, पोटॅशियमचं सिरप आणि खोकल्याचं सिरपही चालू होतं. मग डॉक्टरांनी पेप्टाइडचं फीड लिहून दिलं आणि जुलाब दोन-तीनवर आले. पण हा डबा साध्या फीडपेक्षा कितीतरी महाग आहे. दिवसाला दीड लिटर सांगितलंय, पण ड्रिप हळू सोडावी लागते म्हणून एक लिटरच जातं. खरं सांगायचं तर डबा पुरावा म्हणून सहा चमच्यांच्या जागी आम्ही चारच घालतो. आजारापूर्वी आप्पांचं वजन ६३ किलो होतं, घरी आणलं तेव्हा ५४, आता तीन आठवड्यांनी ५२. माझ्या दिराने जिममधून कोलॅजन पेप्टाइडचा डबा आणलाय, तो म्हणतो हेही पेप्टाइडच. सासूबाई म्हणतात डाळीचं पाणी आणि दूध सोडूया नळीतून. औषध कंपनीत असलेला मावसभाऊ म्हणतो की आयसीयूतच ग्लुटामिनची सलाईन द्यायला हवी होती. पेप्टाइड खरंच लागतं का, आणि किती दिवस?»

प्रिय ताई,

तुमचे सगळे प्रश्न पेप्टाइडचे आहेत. पण पत्र वाचताना मी थांबले ती चार चमच्यांच्या ओळीपाशी. आधी तेच बोलू, कारण आज आप्पांचं वजन तिथे अडलंय.

स्वतःला बोल लावून घेऊ नका. महागाचा डबा जरा जपून वापरावा असं कुणाच्याही मनात येतं, आणि डिस्चार्जच्या गडबडीत चमच्यांचा हिशेब कुणी नीट समजावून सांगत नाही. तो आता करून बघू. बहुतेक नेहमीच्या ताकदीचं फीड नीट कालवलं तर एका मिलिलिटरला एक कॅलरी आणि लिटरमागे साधारण ४० ग्रॅम प्रथिनं देतं. तुमच्या डब्यावरचा आकडा थोडा वेगळा असेल, तोच धरा. म्हणजे दीड लिटरमध्ये १५०० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिनं. स्वादुपिंडाच्या एवढ्या आजारातून उठणाऱ्या माणसाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आप्पांच्या ५२ किलोंना ते झालं १३०० ते १५६० कॅलरी आणि ६२ ते ७८ ग्रॅम प्रथिनं. आहारतज्ज्ञांनी लिहिलेला दीड लिटरचा आकडा याच हिशेबातला दिसतो, प्रथिनं काठावर असली तरी.

प्रत्यक्षात जातंय काय? एक लिटर, तेही दोन-तृतीयांश ताकदीचं. म्हणजे साधारण ६७० कॅलरी आणि २७ ग्रॅम प्रथिनं, सांगितलेल्या मापाच्या निम्म्याहून कमी. तीन आठवड्यांत दोन किलो का गेले, त्याचं उत्तर इथे आहे. प्रथिनं पेप्टाइडची असोत की अख्खी, एवढ्या कमी मापात दिली तर शरीर त्यांचं स्नायू बांधण्याचं काम करूच शकत नाही, जाळून ऊर्जेसाठी वापरून टाकतं.

पण ताई, हे वाचून आज संध्याकाळपासून एकदम सहा चमचे आणि दीड लिटर सुरू करू नका. हे कळकळीने सांगतेय. आप्पांचं वजन अडीच महिन्यांत ६३ वरून ५२ वर आलंय, म्हणजे १७ टक्क्यांहून जास्त घट. त्यात तीन आठवडे अर्धपोटी. अशा शरीरात एकदम भरपूर पिष्टमय अन्न गेलं की इन्शुलिन वाढतं आणि त्याच्याबरोबर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये शिरतं. रक्तात ते इतकं कमी होऊ शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी लोकांना पोटभर जेवण मिळालं आणि त्यातले काही त्यानंतर दगावले, तेव्हापासून डॉक्टरांना हा धोका माहीत आहे. त्याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा, चार चमच्यांचं जसंच्या तसं सांगा. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि साखर तपासायला सांगतील, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व सुरू करतील आणि मग काही दिवसांत पायरीपायरीने पूर्ण मापावर नेतील. या तपासण्या कराडमध्येही होतात, त्यासाठी पुण्याला जावं लागणार नाही.

दीड लिटर दिवसभरात बसवायचं तर २० तासांत तासाला ७५ मिलिलिटर एवढीच गती लागते. आतड्यात थेट जाणारी नळी असल्यामुळे हळूच सोडावं लागतं, हे तुमचं बरोबर. ड्रिपच्या चाकावर गती टिकत नाही, कधी बंद पडते, कधी धावते. फीडिंग पंप भाड्याने मिळतो का ते विचारा. रात्रीही फीड चालू ठेवता येतं, फक्त डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी.

आता पेप्टाइड म्हणजे काय, ते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबच लांब माळ. दूध, डाळ, अंडं यांतल्या माळा शेकडो मण्यांच्या असतात. जठरातलं पेप्सिन त्या थोड्या तोडतं, पण खरं काम स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन वगैरे पाचक रस करतात. त्यातून जे छोटे तुकडे पडतात ते पेप्टाइड. पेप्टाइडच्या फीडमध्ये दुधातलं प्रथिन, म्हणजे व्हे किंवा केसीन, कारखान्यातच एन्झाइमने तोडून भरलेलं असतं. स्वादुपिंडाने करायचं निम्मं काम डब्यात शिरण्याआधीच झालेलं असतं, एवढंच.

मग मणी पूर्ण सुटे करूनच का देत नाहीत? तशीही फीडं आहेत, एलिमेंटल म्हणतात त्यांना. १९६०च्या दशकात अंतराळवीरांच्या आहारासाठी अशा मिश्रणांवर काम झालं होतं. त्या काळापर्यंत बहुतेकांची समजूत अशी की आतडं प्रथिन आत घेतं ते एकेक सुटं अमिनो आम्ल म्हणूनच. ती समजूत मोडायला एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराची मदत झाली. हार्टनप नावाच्या आजारात आतड्याला ट्रिप्टोफॅन, हिस्टिडीन अशी काही सुटी अमिनो आम्लं नीट शोषता येत नाहीत. पण १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या संशोधकांना दिसलं की तेच अमिनो आम्ल दुसऱ्याला जोडून, दोन मण्यांचा तुकडा करून दिलं तर त्या रुग्णांच्या रक्तात ते पोचतं. म्हणजे दोन-तीन मण्यांच्या तुकड्यांसाठी आतड्यात वेगळा दरवाजा आहे. १९९४ मध्ये त्या दरवाज्याचं जनुक हाती लागलं, आज त्याला पेप्ट-वन म्हणतात. दोन आणि तीन मण्यांचे तुकडे तो आत घेतो, चार मण्यांचा नाही. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की उपासमारीत किंवा आतड्याला इजा झालेली असताना सुट्या अमिनो आम्लांचे मार्ग जेवढे मंदावतात, तेवढा हा मंदावत नाही. पेप्टाइडच्या फीडमागचं शास्त्र ते हे.

सुट्या मण्यांच्या फीडची दुसरी अडचण म्हणजे ते पाणी ओढतं. एवढे सारे सुटे कण एकदम आतड्यात गेले की शरीरातलं पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब होतात. पेप्टाइडच्या फीडमध्ये हा त्रास कमी. चव मात्र कडवट, कारण माळ तुटल्यावर प्रथिनाच्या आत दडलेली कडू अमिनो आम्लं उघडी पडतात. आप्पांना नळीतून जातंय तोवर त्याचा प्रश्न नाही, तोंडाने प्यायला दिलंत तर ते नको म्हणतील, आणि त्यात त्यांचा हट्टीपणा काढू नका.

बहुतेक पेप्टाइड फीडमध्ये आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. त्यातल्या स्निग्धांशाचा मोठा वाटा मध्यम लांबीच्या साखळ्यांचा असतो, डब्यावर एमसीटी लिहिलेलं असतं. साध्या तेला-तुपाला पचायला स्वादुपिंडाचं लायपेज, म्हणजे चरबी तोडणारं एन्झाइम, आणि पित्त दोन्ही भरपूर लागतं. एमसीटीला फार कमी लागतं आणि ते थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतं. स्वादुपिंड सडलेल्या माणसाचे जुलाब पुष्कळदा न पचलेल्या चरबीचे असतात. म्हणून पेप्टाइड फीडवर जुलाब थांबले तर ते तोडलेल्या प्रथिनामुळे थांबले की एमसीटीमुळे, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पेप्टाइड लागतं का?

स्वादुपिंडाची सूज आली की पेप्टाइडच द्यायचं, असा नियम नाही. युरोपातल्या क्लिनिकल पोषण संस्थेने, म्हणजे एस्पेनने, २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांना साधं, अख्ख्या प्रथिनांचं फीडच द्यावं असं म्हटलंय. अमेरिकेच्या ॲस्पेन संस्थेनेही २०१६ मध्ये आयसीयूतल्या रुग्णांसाठी हेच सांगितलं की सुरुवात साध्या फीडने करा, जुलाब थांबतच नसतील आणि अन्न शोषलं जात नसल्याचा संशय असेल तेव्हा पेप्टाइडचा विचार करा. फ्रान्समधला २००६ चा एक अभ्यास पेप्टाइडच्या बाजूने बोलतो. त्यात पेप्टाइड फीडवरचे रुग्ण थोडे लवकर घरी गेले, वजनही कमी उतरलं. पण त्यात रुग्ण होते ३०. तेवढ्यावर सगळ्यांचं फीड बदलावं असं मला वाटत नाही, संस्थांनाही वाटलं नाही.

तुमच्या डॉक्टरांनी मात्र चूक केली नाही. आधी साधं दिलं, जुलाब आवरेनात म्हणून पेप्टाइड दिलं. क्रम बरोबर होता. पुढे एक गोष्ट राहिली, जी दवाखान्यांत नेहमीच राहून जाते: जुलाब थांबल्यावर कारण शोधायचं.

तुमच्या पत्रातली औषधांची ओळ मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. पोटॅशियमचं सिरप फार घट्ट, तीव्र द्रावण असतं. जठर ते हळूहळू पातळ करून पुढे सोडतं. आप्पांची नळी जठर ओलांडून आतड्यात उघडते, तिथे ते तसंच पडतं आणि पाणी ओढतं. कितीतरी सिरपांत गोडव्यासाठी सॉर्बिटॉल असतं, आणि ते दिवसाला १०-२० ग्रॅम पोटात गेलं तर धडधाकट माणसालाही जुलाब होऊ शकतात. अँटिबायोटिकने तर होतातच, आणि लांबलेल्या अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचे जुलाब होतात, त्याला वेगळं औषध लागतं. कालवलेलं फीड उन्हाळ्यात सकाळपासून टांगून ठेवलं तर तेही नासतं. नळीतून फीड घेणाऱ्या माणसाला जुलाब झाले की सगळ्यात आधी फीडवर आळ येतो, आणि माझ्या अनुभवात फीड फार थोड्या वेळा दोषी निघतं. आप्पांचं फीड बदललं त्याच सुमारास अँटिबायोटिकचा कोर्स संपला होता का? सिरपं बंद झाली होती का? डिस्चार्ज कार्डावर तारखा असतील, त्या काढून बघा. दोन्ही एकाच आठवड्यातलं असेल तर जुलाब थांबण्याचं श्रेय पेप्टाइडला देण्याआधी मी थांबेन.

दुसरी शक्यता खरी पाचक रसांच्या कमतरतेची. एवढं स्वादुपिंड गेल्यावर ती बऱ्याच जणांत होते. शौच तेलकट, फिकट, फार दुर्गंधी, भांड्याला चिकटणारं, पाण्यावर तरंगणारं असेल तर संशय घ्यायचा. शौचातलं इलॅस्टेज, म्हणजे स्वादुपिंडातून येणारं एक एन्झाइम, तपासता येतं, ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता संभवते, १०० च्या खाली असेल तर जवळपास नक्की. पण नमुना पाण्यासारखा पातळ असेल तर आकडा खोटाच कमी येतो, म्हणून शौच जरा घट्ट झाल्यावर तपासा. कमतरता निघाली तर पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल असतात, त्या स्वादुपिंडाचे रस बाहेरून देतात. तोंडाने जेवण सुरू झालं की घासाबरोबर घ्यायच्या, जेवून झाल्यावर नाही. मोठ्या जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट, मधल्या खाण्याला निम्मे, नेमका डोस डॉक्टर ठरवतील. चिरडून नळीतून घालू नका, त्यांच्यावरचं आवरण मोडलं की उपयोग जातो आणि नळीही तुंबते. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हेही आधीच सांगते, घरात कुणाचा शाकाहार किंवा धर्म आड येत असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

खर्चाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. पाचक रस पुरेसे असतील, किंवा कॅप्सूलने पुरवता आले, तर महागड्या डब्याची गरज संपते. मग साध्या फीडवर परतायचा प्रयत्न करता येईल. माझी पद्धत अशी असते: आधी सध्याच्या फीडवर पूर्ण मापाला पोचायचं आणि आठवडाभर तिथे टिकायचं. मग दिवसातला चौथा हिस्सा साध्या फीडचा, वेगळ्या पिशवीतून, दोन-तीन दिवस. शौच वाढलं नाही, पोट फुगलं नाही, दुखलं नाही, तर निम्मं. असं करत पूर्ण बदलायचं. आप्पांची नळी आतड्यात आहे आणि तिथे पाचक रसांशी फीडची गाठ जेमतेम पडते, म्हणून हा प्रयत्न डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांना सांगूनच करा. कुठल्या तरी पायरीवर जुलाब परत आले तर मागच्या पायरीवर या, आणि मग मात्र पेप्टाइडवरचा खर्च योग्य कारणासाठी होतोय असं समजून चालू ठेवा. काही रुग्णांना ते खरंच लागतं. आतड्याचा मोठा भाग काढलेल्यांपैकी काहींना लागतं. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या तान्ह्या बाळांना तर अगदी बारीक तोडलेल्या प्रथिनाचं दूधच द्यावं लागतं, त्याला पर्याय फार थोडे आहेत.

किती दिवस, याचं उत्तर तारखेत देता येत नाही. वजन वाढू लागलं, शौच आवरलं, साधं फीड पचलं, की पेप्टाइडचं काम संपलं.

दिरांच्या डब्याबद्दल स्पष्टच सांगते. कोलॅजन पेप्टाइड नळीत घालू नका. नाव सारखं असलं तरी वस्तू वेगळी. कोलॅजन जनावरांच्या कातडी-हाडांपासून किंवा माशांपासून काढतात. त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल अजिबात नसतं, आणि ते शरीराला स्वतः बनवता येत नाही. एकट्या कोलॅजनवर स्नायू भरून येत नाहीत. शिवाय त्यात ना पुरेशी ऊर्जा, ना जीवनसत्त्वं, ना क्षार. पचनासाठी बनवलेल्या फीडच्या घटकांत व्हे प्रोटीन हायड्रोलायझेट किंवा हायड्रोलाइज्ड केसीन, म्हणजे आधीच तोडलेलं प्रथिन, असं लिहिलेलं असतं, आणि वैद्यकीय सल्ल्यानेच वापरा ही सूचनाही असते. साध्या फीडवर मिल्क प्रोटीन, केसिनेट किंवा सोया प्रोटीन आयसोलेट असं असतं. दिरांना दोन्ही डबे शेजारी ठेवून वाचायला सांगा.

याच नावाखाली हल्ली इंजेक्शनंही ऑनलाइन विकली जातात, जखमा भरतात, आतडं बरं होतं अशा दाव्यांनी. बीपीसी-१५७ हे त्यातलं एक, माणसांसाठी मान्यता नसलेलं. पेप्टाइड हा शब्द फार मोठ्या घराण्याचा आहे. इन्शुलिनही ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइडच, आणि ते तोंडाने घेता येत नाही ते यामुळेच की पोट त्यालाही अन्नासारखं तोडून टाकतं. औषधाचं पेप्टाइड आणि अन्नाचं पेप्टाइड एका पंगतीत बसवू नका, आणि असलं कुठलंही इंजेक्शन आप्पांना टोचू देऊ नका.

सासूबाईंचा जीव तळमळतोय हे मला दिसतंय. घरातल्या माणसाला डब्यातलं पांढरं पाणी जाताना बघणं सोपं नसतं. पण डाळीच्या वरच्या पाण्यात वाटीला फार तर एखाद-दोन ग्रॅम प्रथिनं येतात, सगळी डाळ खाली राहते. घट्ट वरण सोडलं तर ही बारीक नळी तुंबेल, आणि नळी बदलायची म्हणजे पुन्हा दवाखाना. शिवाय जठरातल्या आम्लाने जंतू मरतात, आणि ही नळी जठर टाळून पुढे उघडते. म्हणून घरचं पातळ केलेलं जेवण या नळीतून नको. पाणीही उकळून गार केलेलंच. कालवलेलं फीड चार तासांहून जास्त वेळ टांगून ठेवू नका. फीडच्या आधी, नंतर आणि चालू असताना दर चार तासांनी २०-३० मिलिलिटर पाण्याने नळी धुवा. औषध फीडमध्ये मिसळू नका, वेगळं द्या, आधी-नंतर पाणी घाला.

सासूबाईंच्या हातचं आप्पांच्या पोटात जायचा रस्ता तोंडातून आहे. म्हणून डॉक्टरांना पुढच्या भेटीत हा प्रश्न विचाराच: तोंडाने काय आणि कधी सुरू करायचं? दुखत नसेल, उलटी नसेल, तर नळी असतानाही थोडं थोडं सुरू करायला पुष्कळदा परवानगी मिळते. मऊ भात-वरण, ताजं ताक, शिजवलेलं अंडं, पनीर, मुगाची मऊ खिचडी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा, कपभर दुधात साधारण तेवढीच. तोंडातून जेवढं जाईल तेवढं लिहून ठेवा, त्या हिशेबाने नळीतलं कमी करता येईल. तेल-तूप कायमचं बंद करायची गरज नसते, रस कमी असतील तर कॅप्सूल वाढवतात. दारू आणि तंबाखू मात्र पूर्ण बंद, खड्यामुळे झालेला आजार असला तरीही. पित्ताशय काढायचं राहिलं असेल तर त्याची वेळही विचारून घ्या, नाहीतर हाच खडा पुन्हा त्रास देईल.

मावसभावाच्या म्हणण्याबद्दल. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल पाण्यात एकटं टिकत नाही, म्हणून सलाईनमध्ये ते ॲलानीनला जोडून, दोन मण्यांचं पेप्टाइड करून देतात. कल्पना सुंदर होती आणि अनेक वर्षं तिच्यावर मोठी आशा होती. पण २०१३ मध्ये रीडॉक्स नावाच्या मोठ्या चाचणीत, अनेक अवयव निकामी झालेल्या आयसीयूतल्या १२०० हून अधिक रुग्णांत, ग्लुटामिन दिलेल्यांचे मृत्यू जास्त झाले. २०२२ मध्ये भाजलेल्या रुग्णांतही फायदा दिसला नाही. स्वादुपिंडाच्या सुजेत एस्पेनने त्याला जागा ठेवली आहे ती फक्त ज्यांना नळीतून काहीच देता येत नाही आणि सगळं पोषण शिरेतून द्यावं लागतं, त्यांच्यासाठी. आप्पांना नळीतून फीड जात होतं. काही राहून गेलं असं मनात आणू नका.

प्रथिनं जितकी जास्त तितकी चांगली, असंही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आयसीयूतल्या रुग्णांना किलोमागे २.२ ग्रॅम प्रथिनं देऊन बघितली. लवकर घरी जाण्यात काही फरक पडला नाही, आणि ज्यांच्या मूत्रपिंडावर आधीच ताण होता त्यांना ते बाधलं असावं असं दिसलं. म्हणून माप भरून काढा, पण कुणाच्या सांगण्यावरून त्यावर आणखी पावडर चढवू नका. साखरही पाहत राहा, स्वादुपिंड गेल्यावर मधुमेह होऊ शकतो आणि फीडमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे लवकर पचणारं पिष्ट, भरपूर असतं.

पैशांचं अडत असेल तर ते लपवून चमचे कमी करण्यापेक्षा आहारतज्ज्ञांना तोंडावर सांगा. तेवढ्याच मापाचा स्वस्त पर्याय त्या शोधून देऊ शकतात. पुढची तपासणी किंवा पित्ताशयाची शस्त्रक्रिया धर्मादाय रुग्णालयात करायची असेल तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या.

उद्याच्या फोननंतर एक वही करा. रोज किती मिलिलिटर गेलं आणि किती चमच्यांचं, शौच किती वेळा आणि कसं, साखर किती, आणि आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन. एक सावधगिरी: फीड वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात पायाला सूज, धाप, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं यांतलं काही दिसलं तर वाट न बघता जवळच्या दवाखान्यात न्या आणि आल्या आल्या सांगा की हे बरेच दिवस अर्धपोटी होते आणि नुकतंच फीड वाढवलंय. ताप, पोटात जोराची कळ, हिरवी उलटी किंवा नळी बाहेर सरकली असं वाटलं तर फीड लगेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. नळी स्वतः आत ढकलू नका.